खिडक्यांत उजळलेले शहर

माझ्या कार्यालयातल्या टेबलावर काचेचा एक लहानसा पेला आहे. चहाच्या गाड्यावर कटिंगसाठी असतो त्याहून थोडा बुटका, काच जाड, आणि बाहेरून उभ्या पन्हळी पाडलेल्या. आमच्या शिपाईमामांनी तो बरेच दिवस टाचण्या ठेवायला वापरला. ती टाचण्या ठेवायची वस्तू नव्हे, असे मी त्यांना सांगितले. पण मग ती कशासाठी आहे हे सांगायला मला अर्धा तास लागला. हा लेख म्हणजे तोच अर्धा तास, थोडा वाढवलेला.

पेला आला फ्रान्समधल्या ल्यों शहरातून. पाठवणारी आमच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी, वडगावच्या विणकर घरातली. वस्त्रविद्येचे शिक्षण घेऊन पुढच्या अभ्यासासाठी ती २०१४ साली तिकडे गेली. ती नववीत असताना मी त्या वर्गाला एक उद्योग दिला होता. आपापल्या गावच्या किंवा आजोळच्या देवळापुढची दीपमाळ पाहून यायची, तिला किती हात आहेत ते मोजायचे, आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्यांवर दिवे कोण लावते, तेल कोणाचे, हे जुन्या माणसांना विचारून वहीत लिहायचे. पोरांनी हात मोजले. तेल कोणाचे हे मात्र दोघा-तिघांनीच विचारले. त्यांत ही होती. पेल्यासोबतच्या चिठ्ठीत तिने लिहिले होते, "सर, इथले तेल कोणाचे ते शोधून काढते आहे. भेटीत सांगेन."

ल्यों हे ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावरचे शहर. रोमनांनी इसवी सनापूर्वी ४३ मध्ये ते वसवले, आणि पुढे सम्राट झालेला क्लॉडियस तिथेच जन्मला. शहराच्या अंगावर दोन टेकड्या आहेत. पश्चिमेची फूर्व्हिएर आणि उत्तरेची क्रुआ-रूस. एका टेकडीला तिथले लोक प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि दुसरीला काम करणारी. पहिलीवर देवळे आणि मठ, दुसरीवर रेशमाचे माग. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या शहरात दिव्यांचा जो सोहळा होतो, त्याला आज साधारण वीस लाख माणसे लोटतात. तीन-चार रात्री चौक, पूल, चर्चच्या भिंती आणि नद्यांचे काठ प्रकाशाच्या चित्रांनी भरून जातात. जगातल्या मोठ्या प्रकाशकलेच्या उत्सवांत त्याची गणना होते. पण त्याचे मूळ कोणा कलावंताच्या कल्पनेत नाही. ते एका फसत आलेल्या समारंभात आहे.

गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. १६४३ साली प्लेगची साथ आली. ल्योंने त्याआधीही प्लेगचे भयंकर तडाखे खाल्ले होते. शहराच्या कारभाऱ्यांनी मेरीमातेला नवस केला की, साथ टळली तर दरवर्षी ८ सप्टेंबरला, तिच्या जन्मदिवशी, पायी फूर्व्हिएरची टेकडी चढू आणि एक सोन्याचे नाणे व सात पौंड पांढरे मेण अर्पण करू. साथ ओसरली. आता ती नवसाने ओसरली की आपल्या वेळेने, हा वाद इतिहासाच्या मास्तराने घालू नये. माझे लक्ष गेले ते सात पौंड मेणाकडे. तेल कोणाचे, या प्रश्नाचे त्या काळापुरते उत्तर त्यात आहे. मेण नगराचे, तिजोरीतले, कारभाऱ्यांच्या हातून गेलेले. नागरिक मागून चालणारे.

यानंतर दोनशे नऊ वर्षांनी, १८५२ साली, फूर्व्हिएरवरच्या जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर मेरीची सोनेरी मुलामा दिलेली कांस्यमूर्ती बसवायचे ठरले. शिल्पकार होता जोसेफ फाबिश. मुहूर्त अर्थात ८ सप्टेंबरचा. पण सोन नदीला पूर आला, फाबिशची कार्यशाळा पाण्यात सापडली आणि मूर्ती वेळेत तयार होईना. मग तारीख ढकलली ८ डिसेंबरवर, कारण तोही मेरीचाच सण. तिकडचा डिसेंबर म्हणजे कडाक्याची थंडी आणि दुपारी पाचलाच अंधार; सप्टेंबरची उबदार संध्याकाळ हातची गेली होती. एका नदीच्या पुराने तारीख हलली नसती तर हा दिव्यांचा सण जन्मला असता का, याची मला शंका आहे. सप्टेंबरात संध्याकाळी साताला लख्ख उजेड असतो, तिथे मेणबत्ती कोण पाहतो?

तो काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये क्रुआ-रूस वगैरे भोवतालच्या वस्त्या हुकमाने ल्यों शहरात सामील करण्यात आल्या होत्या. ८ डिसेंबरच्या सहाच दिवस आधी, २ डिसेंबरला, फ्रान्समध्ये प्रजासत्ताक मोडून तिसरा नेपोलियन सम्राट झाला होता. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावायला अजून चार महिने होते.

समारंभाची सिद्धता जंगी होती. टेकडीच्या माथ्यावरून आतषबाजी व्हायची होती, रस्त्यांत बँड वाजायचे होते, आणि मूर्ती रंगीत चंद्रज्योतींच्या उजेडात न्हाऊन निघायची होती. फ्रेंच भाषेत या चंद्रज्योतीला 'बंगालची आग' म्हणतात. शोभेच्या दारूला लागणारा सोरा एके काळी बंगाल-बिहारमधून युरोपात जात असे, त्याची ही खूण. पण दिवस उजाडला तो वादळ घेऊन. पाऊस थांबेना. संयोजकांनी आतषबाजी पुढच्या रविवारवर ढकलायचे ठरवले. एवढ्यात संध्याकाळी आभाळ एकाएकी मोकळे झाले.

आणि इथे जे घडले ते कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. लोकांनी घरात होत्या नव्हत्या त्या मेणबत्त्या काढल्या, पेटवल्या आणि खिडक्यांच्या कठड्यावर ओळीने मांडल्या. एका घराचे पाहून दुसऱ्याने, एका गल्लीचे पाहून दुसरीने. अंधार पडेतो शहर उजळून गेले. मग दिवे लावणारे स्वतःच आपले दिवे पाहायला रस्त्यावर उतरले. अधिकाऱ्यांनी बंद करायला घेतलेला समारंभ लोकांनी आपल्या खिडकीतून पुरा केला. दुसऱ्या वर्षी ८ डिसेंबरला कोणी सांगितले नसताना पुन्हा दिवे लागले, आणि तेव्हापासून ते लागतच राहिले.

माझ्या टेबलावरचा पेला या खिडक्यांचा. त्याला ल्युमिन्यों म्हणतात. आत बुटकी मेणबत्ती ठेवायची. जाड काचेने वारा अडतो आणि पन्हळींमुळे ज्योत मोडून अनेक उभ्या रेघांत दिसते, त्यामुळे दिवा आहे त्याहून मोठा वाटतो. काच साधी असते किंवा निळी, लाल, हिरवी. पुष्कळ घरांत हे पेले वर्षभर कपाटात असतात आणि नोव्हेंबर संपता संपता बाहेर निघतात. आपल्याकडे गेल्या वर्षीच्या पणत्या धुऊन काढतात तसे.

खिडक्यांविषयी एक गोष्ट मला त्या विद्यार्थिनीकडून कळली. ती विणकराची मुलगी असल्यामुळेच तिला ती दिसली असावी. क्रुआ-रूसवरची जुनी घरे बाहेरून फार उंच खिडक्यांची आहेत आणि आत मजल्याची उंची चार मीटरच्या आसपास. ती श्रीमंती नव्हे. ल्योंच्याच जोसेफ मारी जाकारने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी उतरवणारा माग सिद्ध केला. तोच आपल्या विणकरांच्या तोंडी असलेला जॅकार्ड. हा माग एवढा उंच की साध्या घरात मावेना. म्हणून विणकरांसाठी उंच छताची घरे बांधली गेली. रेशमाचा धागा दिसायला दिवसाचा उजेड हवा म्हणून खिडक्याही तेवढ्याच उंच. माग, बायको, पोरे, उमेदवार सगळे त्या एका खोलीत. माळ्यावर झोपायचे आणि उजाडताच मागावर बसायचे. मजुरीच्या दरावरून हे विणकर १८३१ आणि १८३४ साली उठले, आणि दोन्ही वेळा सैन्य घालून ते उठाव मोडण्यात आले. ज्या खिडक्यांनी दिवसभर उजेड आत घ्यायचा, त्याच खिडक्या वर्षातून एका रात्री उजेड बाहेर देऊ लागल्या. वडगाव-शहापूरच्या गल्लीत मागाच्या खटखटाटात वाढलेल्या मुलीला हे सांगावे लागत नाही.

पण म्हणून हा सगळा एकोप्याचा इतिहास समजू नये. फ्रान्समध्ये चर्च आणि शासन यांची फारकत करणारा कायदा १९०५ साली झाला, आणि त्या सुमाराची काही वर्षे ८ डिसेंबरचा दिवा हे भांडणाचे कारण होते. खिडकीत दिवा म्हणजे हे घर पाद्र्यांच्या बाजूचे, अंधार म्हणजे प्रजासत्ताकवाल्यांचे. रस्त्यात मारामाऱ्याही झाल्या. एका पणतीवरून घराचा पक्ष ओळखण्याचे दिवस सीमाभागातल्या वाचकाला फारसे परके वाटू नयेत. पुढे हळूहळू धार बोथट झाली. आज तिथे दिवा लावणाऱ्यांत श्रद्धाळू किती आणि केवळ ल्योंकर म्हणून लावणारे किती, हे खिडकीकडे पाहून सांगता येणार नाही.

जाता जाता एक योगायोग. चलच्चित्राचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते ल्युमिएर बंधू याच शहराचे, आणि ल्युमिएर या आडनावाचा अर्थच प्रकाश. त्यांचा कारखाना ल्योंच्या मोंप्लेझिर भागात होता. सुट्टी झाल्यावर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार, हे त्यांचे पहिले चित्र १८९५ सालचे. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे खेळ झाले. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला, १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले, आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजप्यांचे स्वागतही टिपले. मराठी माणसाच्या पडद्यावर पडलेला पहिला उजेड ल्योंचा होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. आणि आता त्याच शहरात पडदा सोडून थेट कॅथेड्रलवर चित्रे पाडतात.

ती पाडायची पाळी आली कशी? १९८९ साली ल्योंचे महापौर झाले मिशेल न्वार. न्वार म्हणजे काळा. या काळ्या आडनावाच्या गृहस्थाने शहराचा प्रकाश-आराखडा करवून घेतला! रस्ते आणि गटारांचा आराखडा असतो, मग रात्रीच्या उजेडाचा का नसावा, असा त्यामागचा विचार. कोणता पूल उजळायचा, कोणती टेकडी, कोणत्या इमारतीच्या भिंतीवर कोणत्या कोनातून प्रकाश टाकायचा, आणि कुठे मुद्दाम अंधार ठेवायचा, हे ठरवणारे ते युरोपातल्या पहिल्या काही शहरांपैकी एक. दहा वर्षांनी, १९९९ साली, ८ डिसेंबरच्या जुन्या रात्रीला महापालिकेने अनेक रात्रींच्या महोत्सवाचे रूप दिले, आणि देशोदेशीचे कलावंत येऊ लागले.

या कलेचा कारभार थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांनी म्हैसूरचा राजवाडा दसऱ्यात उजळलेला पाहिला असेल. तिथे जवळजवळ एक लाख दिवे इमारतीच्या कडांवरून ओवलेले आहेत. कमान असेल तिथे कमान, घुमट असेल तिथे घुमट. दिवा इमारतीचे ऐकतो. ल्योंच्या नव्या पद्धतीत उलटे आहे. सँ-झां हे तिथले कॅथेड्रल ११८० च्या सुमारास सुरू होऊन १४८० पर्यंत बांधले जात होते. त्याच्या दर्शनी भिंतीची आधी बारकाईने मापे घेतात, संगणकावर तिची हुबेहूब प्रतिकृती करतात, आणि चित्र असे बेततात की प्रत्येक रंग नेमका आपापल्या दगडावर पडावा. मग समोरून अनेक शक्तिशाली प्रक्षेपक एकमेकांच्या कडा जुळवून ते चित्र भिंतीवर टाकतात. मग खांब वाकतात, भिंत विरघळते, गवाक्षातून वेली फुटतात, सबंध कॅथेड्रल क्षणभर कोसळून पुन्हा उभे राहते. इमारत दिव्याचे ऐकते. तेरोच्या चौकातही तेच. तिथले कारंजे बार्थोल्दीचे, अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या शिल्पकाराचे. चौकाभोवतीच्या भिंतींवर चित्र धावू लागले की हजारो माणसे एकदम 'ओ' म्हणतात.

चित्रफितीवर मी हे सर्व पाहिले आहे, आणि मीही 'ओ' म्हटले आहे. ही कला खोटी नाही. पण पाहता पाहता मला एक गोष्ट खटकली. १८५२ च्या रात्री पाहणारे आणि लावणारे एकच होते. आता पाहणारे वीस लाख आणि लावणारे काही शे. त्यांना मार्ग आखून दिलेले, पादचाऱ्यांना एकेरी वाहतूक, हॉटेले महिनोन्‌महिने आधी भरलेली. खर्च महापालिका आणि खाजगी कंपन्या मिळून करतात. म्हणजे तेल पुन्हा तिजोरीचे झाले आणि नागरिक पुन्हा मागून चालणारे, १६४३ सारखे. या गर्दीला कंटाळून त्या रात्री गाव सोडून जाणारे ल्योंकरही आहेत, असे माझी विद्यार्थिनी सांगते.

मग २०१५ साल आले. १३ नोव्हेंबरच्या रात्री पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले आणि १३० माणसे मारली गेली. देशभर आणीबाणी लागू झाली. ल्योंचा महोत्सव तीन आठवड्यांवर आला होता. लाखोंच्या गर्दीचे रक्षण कसे करणार? महापौर जेरार कोलों यांनी तो रद्द केल्याचे काही दिवसांतच जाहीर केले, आणि लोकांना विनंती केली की ८ डिसेंबरला मृतांच्या स्मरणार्थ प्रत्येकाने आपापल्या खिडकीत ल्युमिन्यों लावावेत. महोत्सवापैकी फारच थोडे उरले. मृतांची नावे प्रकाशाच्या अक्षरांत भिंतीवर उमटवली गेली, एवढेच.

त्या रात्री आमच्या मुलीचा फोन आला. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "सर, झोपमोड केली. पण समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजल्या. दोन सोडून सगळ्यांत दिवे आहेत. त्यातली एक आमची होती. मी खालच्या आजींकडे मेणबत्त्या मागायला गेले, तर त्यांनी पेल्यांसकट दिल्या. आता एकच राहिली." तिच्या खोलीचा मालक, शेजारचे अल्जीरियन कुटुंब, खाली बेकरीवाला, सगळ्यांनी लावले होते. रस्त्यावर लोक हळू बोलत चालत होते. गोंगाट नाही, संगीत नाही. "सर, मागच्या वर्षी एवढे मोठे दिवे होते की खिडक्या दिसल्याच नव्हत्या," ती म्हणाली. मी तिला विचारले, "त्या एका खिडकीचे काय?" ती म्हणाली, "तिथे कोणी राहत नसावे." जरा थांबून म्हणाली, "किंवा राहत असेल. नाही लावायचा म्हणून नसेल लावला."

पुढच्या वर्षी महोत्सव परत आला, पण आटोपशीर होऊन. दिवस कमी, मधल्या शहराला पोलिसांचे कडे, प्रत्येक वाटेवर झडती. आजींनी दिलेल्या पेल्यांपैकी एक तिने त्यांची परवानगी घेऊन मला पाठवला तो याच सुमारास.

२०२० साली दुसऱ्यांदा महोत्सव रद्द झाला, करोनामुळे. सबंध फ्रान्स घरात होता. चौक रिकामे, प्रक्षेपक गोदामात. आणि ८ डिसेंबरला खिडक्यांत पुन्हा मेणबत्त्या. १६४३ च्या साथीत कारभाऱ्यांनी टेकडीवर नेलेल्या मेणाची आठवण त्या रात्री किती जणांना झाली असेल कोण जाणे, मला झाली. आमची शाळाही तेव्हा बंद होती आणि मी रिकाम्या वर्गांच्या किल्ल्या घेऊन दिवसातून एकदा उगाच चक्कर मारून येत असे.

ती गेल्या मे महिन्यात लग्नासाठी गावी आली, तेव्हा शाळेत भेटायला आली. शिपाईमामांनी टाचण्या काढून पेला धुऊन ठेवला होता. मी विचारले, "सांग आता, तेल कोणाचे?" ती हसून म्हणाली, "सर, मोठ्या दिव्यांचे कॉर्पोरेशनचे आणि कंपन्यांचे. खिडकीतले आजींचे." मग तिने मला उलट विचारले, "तुमच्या आजोळच्या दीपमाळेचे कोणाचे?"

मला उत्तर माहीत होते, म्हणजे पूर्वीचे. माझ्या लहानपणी त्रिपुरीला प्रत्येक घरातून वाटीभर तेल देवळात येई. दीपमाळेच्या दगडी हातांवर पाय ठेवून दोन तरुण वर चढत, खालून एकेक पणती हातोहात वर जाई, आणि आमच्यासारख्या पोरांकडे वाती वळून देण्याचे काम असे. सर्वांत वरचा दिवा लागला की देवळापुढची माणसे गप्प होत. आता दीपमाळेला वरून खालपर्यंत विजेच्या माळा गुंडाळलेल्या असतात. बटण पुजाऱ्याच्या खोलीत आहे. वाईट दिसते असे म्हणणार नाही, लांबून तर छानच दिसते. फक्त दगडी हात रिकामे असतात आणि ते आहेत हेही नव्या पोरांना ठाऊक नसते.

गेल्या त्रिपुरीला मी आणि माझा मामेभाऊ तेल आणि पन्नासेक पणत्या घेऊन तिथे गेलो. पुजाऱ्यांनी माळा तासभर बंद ठेवायचे कबूल केले. आळीतल्या चार-पाच बायका आपणहून वाट्या घेऊन आल्या. खालच्या तीन रांगा लागल्या. वरच्या हातांवर चढायचे वय माझे राहिलेले नाही, आणि ज्यांचे आहे त्यांच्या आया त्यांना चढू देईनात. तेव्हा वरपर्यंत पोचेल अशी शिडी गावात कोणाकडे आहे, याची चौकशी सध्या चालू आहे.